पेन्शनवाला नवाब आणि पेनड्राइव्हवाला डीजे

कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये रात्रभर जागायची सोय भरपूर आहे, नाचायची अजिबात नाही. खिदिरपूर गोदीचे ट्रेलर रात्री रस्त्यावर उतरतात ते उजाडेपर्यंत रस्ता सोडत नाहीत. मटियाबुर्जच्या गल्ल्यांत ईद आणि दुर्गापूजेच्या आधी शिलाई मशिनींना उसंत नसते. नातवंडाचं झबलं तुम्ही तुळशीबागेतून घासाघीस करून आणलं असलं, तरी त्याला काजं-बटणं इथंच लागलेली असू शकतात. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ 1961 साली ज्या कारखान्याने नौदलाच्या हवाली केली, तो जहाजांचा कारखानाही इथलाच. तिथे पोलादावर पोलाद आदळतं. आणि आमच्या दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयातलं कंट्रोल ऑफिस कधीच झोपत नाही. मालगाडी कुठे अडकली हे विचारणारा फोन पहाटे तीनलाच यायचा, हा रेल्वेचा अलिखित नियम आहे. तेव्हा जागण्याचे पैसे घेणारी माणसं या भागात पैशाला पासरी मिळतात. जागण्यासाठी पैसे मोजणारी माणसं बघायची तर पार्क स्ट्रीट गाठावी लागते.

तसा पैसे मोजणारा एक इथेही होऊन गेला. त्याच्याकडे नंतर येतो.

हुगळीच्या काठी मराठी माणूस काय करतो, असं पुण्याचे लोक विचारतात. नागपूरचे विचारत नाहीत, कारण त्यांच्या घरातला एखादा काका इथे राहून गेलेला असतो. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी 1887 साली निघाली, बी.एन.आर. म्हणजे ‘बी नेव्हर रेग्युलर’ ही कोटी तिच्याइतकीच जुनी असावी. तिची पुढे दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, मुख्यालय गार्डन रीचलाच राहिलं, आणि नागपूर विभाग 2003 पर्यंत इथूनच हाकला जायचा. बदलीच्या कागदाने इतवारी, गोंदियाची माणसं इथे येत, दोन वर्षं माशाच्या वासाला नावं ठेवत आणि तिसऱ्या वर्षी बाजारात इलिशचा भाव करताना सापडत. विभाग बिलासपूरच्या नव्या झोनकडे गेला तेव्हा आम्ही काही जण इथेच राहून गेलो. आमची करमणूक म्हणजे हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती आणि वर्षभर त्या गणपतीच्या वर्गणीवरून चालणारी चर्चा.

अशा घरात पुण्याहून भाचा आला. वय चोवीस. महाराष्ट्र सरकारच्या मते हा मुलगा व्हिस्कीला हात लावायला अजून लहान आहे, कारण तिकडे वयाची अट पंचवीसची. पश्चिम बंगाल सरकारच्या मते तो तीन वर्षांपूर्वीच मोठा झाला. हावडा ब्रिज बघायला आलोय असं तो म्हणाला, त्यावर मी फारसा विश्वास ठेवला नाही.

“मामा, शनिवारी पार्क स्ट्रीटला गिग आहे. इलेक्ट्रॉनिक म्युझिक. माझा मित्र ओपनिंग करतोय.”

“त्याला फीत कापायला बोलावलंय?”

“तसं नाही हो मामा. मोठा डीजे बारानंतर येतो. तोपर्यंत कोणीतरी वाजवायला लागतं ना. आणि मामी, तूपण चल. स्टॅगना आत घेत नाहीत.”

स्टॅग म्हणजे सोबत बाई नसलेला पुरुष. सबंध आयुष्यात माझ्यापासून समाजाला धोका आहे असं पहिल्यांदाच कोणाला तरी वाटलं, त्यामुळे आतून बरंही वाटलं. बायको मात्र निघाली ती वेगळ्याच कारणाने. दोघं पुरुष रात्री दोनला परत येणार, मग आपण दार उघडायला उठायचं, त्यापेक्षा बरोबर गेलेलं बरं.

कलकत्त्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या शहराने 1742 साली मराठ्यांच्या भीतीने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार, ज्यांना बंगाली लोक बर्गी म्हणतात, बंगालभर लूटमार करत होते आणि पुढची पाळी कलकत्त्याची, अशी खात्री होती. ‘मराठा डिच’ पुष्कळसा खणून झाला, मराठे आलेच नाहीत, मग काम अर्धवट सोडलं. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. ते राहिलेलं काम त्या रात्री क्लबच्या दारातल्या बाउन्सरने पूर्ण केलं. सव्वासहा फूट उंच, काळा सदरा, कानात वायर. मराठी मुलखातून आलेल्या तीन माणसांकडे त्याने असं पाहिलं की बंगालच्या तेव्हाच्या नवाबाला, अलिवर्दी खानालाही धीर आला असता.

“एक कपल, एक स्टॅग,” त्याने हिशोब केला.

पाहुण्यांच्या यादीत भाच्याचं नाव सापडलं. मग वयाचा पुरावा. मी रेल्वेचं ओळखपत्र काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाने एकविसावं ओलांडलंय की नाही, याची त्याने टॉर्च मारून खात्री करून घेतली. आता पर्स. बायकोच्या पर्समधून अडकित्ता निघाला, तो बाजूला ठेवण्यात आला. मग वर्तमानपत्राच्या कागदात चार घड्या घालून बांधलेली पांढरट-तपकिरी पुडी निघाली. बाउन्सरचा चेहरा बदलला. तो वायरीत काहीतरी पुटपुटला आणि आतून सूटवाला मॅनेजर आला.

“मॅडम, ये क्या है?”

“हिंगाष्टक,” बायको म्हणाली. “बाहेर खाल्लं की ह्यांना गॅस होतो.”

मॅनेजरने पुडीला नाक लावलं. तज्ज्ञ माणूस असावा, कारण त्याने अगदी जवळून आणि खोल श्वास घेतला. त्यानंतर तो जो शिंकत सुटला, तो आमच्या मनगटावर शिक्के मारून होईपर्यंत शिंकतच होता. पुडी परत मिळाली. अडकित्ता जाताना मिळाला.

आम्ही नऊ वाजून वीस मिनिटांनी आत पोहोचलो. जाहिरातीत नऊ लिहिलं होतं, आणि उशीर झाला म्हणून मी भाच्यावर चिडलो होतो. आत कोणीही नव्हतं. बारवाला लिंबं चिरत होता. धुराचं यंत्र दर दोन मिनिटांनी उसासा टाकून रिकाम्या फरशीवर धूर सोडत होतं. छतावरच्या निळ्या झोताने हॉलभर माणसं शोधली आणि शेवटी माझ्या टकलावर विसावा घेतला. आणि समोर मंचावर एक मुलगा, मूळचा साताऱ्याचा, पूर्ण मन लावून कोणासाठीही नाही असं संगीत वाजवत होता. भाच्याने हात केला. त्याने कानावरचा हेडफोन सारला, आम्हाला पाहिलं आणि त्या भल्या मोठ्या यंत्रावरून वाकून माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. पायांपर्यंत पोहोचला नाही, पण कोपर कुठल्याशा बटणावर पडलं आणि सगळं संगीत बंद झालं.

“काका, जेवलात का?” त्या शांततेत त्याने विचारलं.

संगीत थांबलं हे लिंबं चिरणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही.

मुलगा मला फार आवडला. त्याचं सगळं सामान म्हणजे एक हेडफोन आणि दोन पेनड्राइव्ह. दुसरा कशाला, तर पहिला रुसला तर. मी यांत्रिकी खात्यातला माणूस, त्यामुळे यंत्र कसं चालतं हे समजावून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन गाणी दोन वेगवेगळ्या गतींची असतात. एकाची गती सरकपट्टीने कमीजास्त करून दुसऱ्याच्या ठोक्याला ठोका लावायचा, मग एकाचा खर्ज काढून घ्यायचा, दुसऱ्याचा आत सोडायचा, ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. एवढंच काम, पण कान तयार लागतो. त्याला बंधनही होतं.

“काका, मला एकशेवीसच्या वर जायचं नाही. मेन माणूस एकशे अठ्ठावीसने सुरू करणार. त्याच्या आधी मी हॉल पेटवला तर मला परत बोलावणार नाहीत.”

मिनिटाला ठोके किती, याचा तो हिशोब. मला लगेच कळलं. मागून सुपरफास्ट येतेय म्हणून पॅसेंजर लूप लाइनला घालून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. सिग्नल मिळेपर्यंत पॅसेंजरने इमानदारीत उभं राहायचं असतं, आणि तिचा ड्रायव्हर बहुधा चांगलाच असतो.

त्याने मला एक जुनी चीजही ऐकवली, आणि ती शिकागोची किंवा बर्लिनची नव्हती, आपल्या मुंबईची होती. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी 1982 साली तीन नवी जपानी यंत्रं घेतली आणि ललत, भूप, तोडी, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधून एचएमव्हीसाठी तबकडी केली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांतलं एक यंत्र, टीबी 303, गिटारवाल्यांना घरी रियाजाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. तेही बाजारात आपटलं आणि दोन-तीन वर्षांत बंद पडलं. मग शिकागोतल्या पोरांनी ते सेकंडहँडमध्ये स्वस्तात उचलून, पिळून पिळून त्यातून 1987 साली जो आवाज काढला, त्याला जग अ‍ॅसिड हाउस म्हणायला लागलं. आणखी पंधराएक वर्षांनी कोणा डच संग्राहकाला सिंगसाहेबांची तबकडी मिळाली, ती 2010 साली पुन्हा निघाली, आणि लोक म्हणाले, अरे, हे तर पाच वर्षं आधीच झालं होतं. सत्तरीच्या या गृहस्थांना मग परदेशी कार्यक्रमांची बोलावणी यायला लागली. एचएमव्हीचा कारखाना इथलाच, दमदमचा होता. तेव्हा पार्क स्ट्रीटच्या त्या रिकाम्या हॉलमध्ये जपानी यंत्रावरचा ललत ऐकताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं. ललत पहाटेचा राग, वेळ रात्री दहाची. पण एवढं चालायचंच.

साडेअकरापर्यंत हॉल कसा भरला ते कळलं नाही. बाराच्या पुढे मोठा डीजे आला. त्याच्याकडेही पेनड्राइव्ह दोनच होते, फक्त ते धरायला वेगळा माणूस होता.

आता ठेका. आपल्या तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, हात क्षणभर मोकळा सुटतो, जिवाला बरं वाटतं. इथे खाली नावाची भानगड नाही. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, सारखाच छातीवर. हिशोब मात्र तेही सोळा आणि बत्तिसाच्या पटीतच ठेवतात. तेवढं झालं की डीजे खर्ज काढून घेतो, वर नुसती टाळ्यांसारखी कडकड उरते, ती दुप्पट होते, चौपट होते, तो एक हात वर करतो, सगळे हात वर करतात, मग अर्धा सेकंद निव्वळ शांतता, आणि धाडकन खर्ज परत. याला ड्रॉप म्हणतात. विलंबित ख्यालात सम आली की जाणकार मान डोलावतात. इथे समेवर पाचशे माणसं एकदम उडी मारतात. फरक एवढाच की आपल्याकडे सम चुकली तर गवय्याची इज्जत जाते, आणि हा मुद्दाम सम लांबवतो आणि त्यावर लोक शिट्ट्या मारतात. हातातले मोबाइल मात्र कोणी खाली ठेवत नव्हतं. जो तो चित्रीकरण करत होता, प्रत्यक्ष बघायला बहुतेक मी एकटाच होतो.

मीही मोबाइल काढला, पण आवाज मोजायला. त्यात डेसिबल दाखवणारं अ‍ॅप आहे. आकडा शंभराच्या आसपास नाचत होता, ड्रॉपला एकशेतीन. जागतिक आरोग्य संघटनेने अशा जागांसाठी 2022 साली मर्यादा घालून दिली ती सरासरी शंभर डेसिबलची, तीसुद्धा पंधरा मिनिटांच्या मापाने. कामगारांचं सुरक्षाशास्त्र आणखी कडक आहे: पंच्याऐंशीला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे शंभरला रोजची पंधरा मिनिटं पुरे. खरगपूरच्या वर्कशॉपमध्ये किंवा आमच्या शेजारच्या जहाज कारखान्यात एवढ्या आवाजात माणूस उभा करायचा तर त्याला इअर मफ द्यावे लागतात, कानाची तपासणी करावी लागते, वर पगार. इथे आम्ही तेवढ्याच आवाजासाठी पैसे मोजून आलो होतो. हे मी भाच्याच्या कानात ओरडून सांगितलं.

“काय?” तो ओरडला.

“पंधरा मिनिटं!”

“मोठा डीजे आत्ताच आलाय मामा! पंधरा मिनिटांत कसं जायचं!”

बायको कुठे आहे म्हणून पाहिलं, तर ती भिंतीकडच्या सोफ्यावर, काँथाच्या साडीचा पदर नीट खोचून, गाढ झोपली होती. बरोबर मोठ्या स्पीकरखाली. वेटर घाबरून माझ्याकडे आला, मॅडमना बरं नाही का, पाणी आणू का. त्याला मी काय सांगणार? आमची कित्येक वर्षं बंडामुंडाच्या यार्डाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गेली. रात्रभर वाघिणी एकमेकींवर आपटायच्या, इंजिनं कण्हायची, कपाटातली भांडी वाजायची. त्या आवाजात तिने दोन मुलं वाढवली. एकशेतीन डेसिबल म्हणजे तिला माहेर. गंमत अशी की दर ड्रॉपच्या आधीच्या त्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेत तिचे डोळे टक्क उघडायचे.

“गाडी का थांबली हो?”

धाडकन खर्ज आला की पुन्हा झोप.

आता नवाब. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह. कंपनी सरकारने फेब्रुवारी 1856 मध्ये त्याचं राज्य खालसा केलं. कारण काय, तर हा नाचगाण्यात रमतो, कारभार बघत नाही. लंडनला जाऊन राणीकडे दाद मागायची म्हणून तो कलकत्त्यापर्यंत आला आणि गार्डन रीचला थांबला तो कायमचा. सत्तावन्नच्या धामधुमीत त्याला फोर्ट विल्यममध्ये अडकवून ठेवलं, सोडलं आणि सालीना बारा लाख रुपये पेन्शन लावून दिली. म्हणजे महिना एक लाख, त्या काळचे. त्या पेन्शनीवर त्याने काय केलं? तीस वर्षं नाचगाणंच केलं. ज्या गुन्ह्यासाठी गादी गेली, तोच गुन्हा करत राहण्यासाठी सरकारने आयुष्यभर पैसे पुरवले, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. रेल्वेतल्या विभागीय चौकशीतही एवढा चांगला निकाल लागत नाही.

त्याच्या मटियाबुर्जात ठुमरी होती, कथक होतं, रहस नावाची नृत्यनाट्यं होती, ज्यांत लखनौला असताना तो स्वतः उतरायचा. मोहरमच्या मिरवणुकीत तो स्वतः ताशा वाजवायचा असं सांगतात. सत्यजित राय यांच्या 1977 च्या ‘शतरंज के खिलाडी’त अमजद खानचा नवाब मिरवणुकीत वाद्य बडवताना दिसतो, तो प्रसंग बघून ठेवा. आपल्या गणपतीपुढे त्याला मानाचं पथक मिळालं असतं. बालपण इथे काढलेल्या अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवलंय की रेशमी पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीला नवाबाने चोवीस हजार मोजले. क्लबमध्ये मंचाजवळ दोरी लावून राखलेली टेबलं होती, तिथे एका बाटलीवर फुलबाजा लावून मिरवत आणत आणि तिची किंमत ऐकून मला धस्स झालं. त्यानंतर कबुतरं आठवली आणि ती माणसं फारच काटकसरी वाटायला लागली.

आणि फरक बघा. नवाबाच्या मैफिलीत गाणाऱ्याला बिदागी मिळायची, ऐकणाऱ्याला पान मिळायचं. सगळा खर्च एकट्याचा, म्हणजे शेवटी इंग्रजांचा. नवाब सप्टेंबर 1887 मध्ये गेला. त्याच साली बंगाल नागपूर रेल्वे निघाली, आणि गार्डन रीचमधल्या रात्रीच्या आवाजाचं कंत्राट त्यानंतर आमच्याकडे आलं ते आजतागायत आहे. ठेका आम्हीही देतो, पण कोणी नाचत नाही.

दीड वाजता बाहेर पडलो. बाहेर पिवळ्या टॅक्स्या रांगेत. “गार्डन रीच?” म्हटलं की ड्रायव्हर मान हलवायचे. एकाच्या दारावर ‘नो रिफ्युजल’ असं ठळक लिहिलं होतं. त्याने त्या अक्षरांवर कोपर ठेवून “जाबो ना” म्हटलं. चौथ्याने जास्तीचे पैसे ठरवून घेतले आणि खिदिरपूरला ट्रेलरच्या रांगेत आम्हाला अर्धा तास बसवलं. पुढे एका ट्रेलरने इंजिन बंद केलं आणि एकदम सामसूम झाली. बायको जागी झाली.

भाच्याच्या कानात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिट्टी वाजत होती. साताऱ्याच्या मुलाला मी रविवारी जेवायला बोलावलं. तो आला, चार पोळ्या खाल्ल्या, त्याला मोठ्या डीजेच्या मानधनाचा आकडा ठाऊक होता आणि स्वतःचं मानधन पुढच्या महिन्यात मिळणार होतं. माझं मत विचाराल तर संध्याकाळभर त्या हॉलमध्ये संगीत झालं ते रिकाम्या फरशीसमोर, आणि ते त्या पोराने केलं.

तुमचा भाचा किंवा पुतण्या असा आग्रह करायला लागला तर जरूर जा. पण नऊ म्हणजे नऊ समजू नका, घरी निवांत जेवून निघा. गेलातच नऊला, तर सुरुवात करणाऱ्या मुलाचं मन लावून ऐका, त्याच्यासमोर तुम्हीच असाल. हिंगाष्टक मूळच्या डबीत, लेबलासकट न्या. आणि कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात, ते आदल्या दिवशी घेऊन ठेवा. रात्री बारा वाजता पार्क स्ट्रीटला ते शोधत बसू नका.